बातमीतला ‘65 मिमी पाऊस’ म्हणजे नेमका किती? नववी-दहावीच्या मुलांना घरीच मोजता येईल

पावसाळ्यात मोबाईलवर रोज बातमी येते : अमुक महसूल मंडळात 65 मिमी पाऊस. दहावीतल्या मुलाने ही एक ओळ नीट उलगडली, तरी त्यात विज्ञान आहे आणि गणितही.

1 मिमी पाऊस म्हणजे 1 चौरस मीटर जागेवर 1 लिटर पाणी. एक एकर साधारण 4047 चौरस मीटर. त्याला 65 ने गुणलं की 2 लाख 63 हजार लिटर! दहा हजार लिटरचे 26 टँकर, एका एकरात. बांध का फुटतो ते वेगळं सांगायला नको.

65 च का? मंडळात 24 तासांत त्याहून जास्त पाऊस झाला की शासन अतिवृष्टी धरतं. मदतीसाठी पिकाचं नुकसानही किमान 33 टक्के लागतं. अडचण अशी, की आकडा मंडळाच्या पर्जन्यमापकाचा. वादळी ढग काही किलोमीटरचाच असतो. एका शिवारात धो-धो आणि मापकावर 40, असं होतंच.

घरी मोजायला सरळ बाजूंचा, सपाट तळाचा डबा उघड्यावर ठेवायचा. झाडाखाली, पत्र्याजवळ नको. रोज सकाळी साडेआठला (हवामान खात्याची वेळही हीच) पाणी पट्टीने मोजून डबा रिकामा करायचा. डबा रुंद असला तरी उंची तेवढीच भरते, कारण तोंड मोठं तसा तळही मोठा.

ही नोंद सरकारदरबारी धरत नाहीत. पण तारखेसह वहीत असली, तर तलाठ्याकडे अर्ज देताना पाणी कधी आणि किती पडलं, हे अंदाजाने सांगावं लागत नाही.