घटनास्थळाचा आभासी पंचनामा : न्यायसहायक विज्ञानातील आभासी वास्तवाचे उपयोजन

प्रस्तावना

गुन्ह्याच्या तपासातील बहुतेक वस्तू न्यायालयात हजर करता येतात. हत्यार, रक्ताचे डाग असलेले कपडे, काडतुसाची पुंगळी हे सारे मोहोरबंद होऊन न्यायाधीशांसमोर येते. घटनास्थळ मात्र येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठीच आपल्याकडे पंचनाम्याची पद्धत रूढ झाली : पंचांची उपस्थिती, हाताने काढलेला कच्चा नकाशा, अंतरांच्या नोंदी आणि छायाचित्रे. छत्रपती संभाजीनगर येथील औरंगपुऱ्यासारख्या गजबजलेल्या बाजारपेठेत रात्री एखादी घटना घडली, तर सकाळी दुकाने उघडून हातगाड्या लागताच तेथील मांडणी पालटते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मधील कलम ३४७ अन्वये न्यायाधीशांना उभय पक्षांस सूचना देऊन स्थळपाहणी करता येते. परंतु खटला उभा राहीपर्यंत वर्षे लोटलेली असतात आणि त्यांना दिसते ती आजची गल्ली असते, त्या रात्रीची नव्हे.

आभासी वास्तव अर्थात व्हर्च्युअल रिॲलिटी या तंत्राचे न्यायसहायक विज्ञानातील महत्त्व येथे आहे. डोळ्यांवर दर्शक-संच चढवून न्यायाधीश किंवा साक्षीदार त्या रात्रीच्या गल्लीत उभा राहू शकतो. प्रस्तुत लेखात या तंत्राची कार्यपद्धती आणि पुरावा म्हणून त्याची मर्यादा यांचा विचार केला आहे.

मोजलेले आणि मानलेले

आभासी घटनास्थळाचा पाया मोजमाप हा आहे. लेसर स्कॅनर प्रकाशाचा झोत सोडतो आणि परावर्तित प्रकाशावरून अंतर काढतो. पंधरा मीटरवरील भिंतीपर्यंत जाऊन परत येण्यास प्रकाशाला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. अशा लक्षावधी बिंदूंच्या समूहातून खोलीची त्रिमितीय प्रतिकृती तयार होते. दुसरी पद्धत छायाचित्रमितीची. अनेक कोनांतून घेतलेल्या, एकमेकांवर अंशतः चढणाऱ्या छायाचित्रांवरून संगणक आकार सिद्ध करतो. मात्र केवळ छायाचित्रांतून आकार मिळतो, माप मिळत नाही. चित्रात ज्ञात लांबीची पट्टी नसेल, तर खोली दहा फुटांची की बारा, हे प्रतिकृती सांगू शकत नाही. आरसा, काच, ओली काळी फरशी यांपुढे लेसरही फसतो. आरशामागे त्याला नसलेली खोली दिसते.

एवढे झाले ते मोजलेले. यानंतर प्रतिकृतीत जे भरले जाते ते पुष्कळदा मानलेले असते : आरोपी कोठे उभा होता, दिवा चालू होता काय, मयताचा चेहरा कोणत्या दिशेस होता. रक्ताच्या थेंबांचे उदाहरण बोलके आहे. भिंतीवरील डागांच्या आकारावरून थेंब कोणत्या कोनातून आला हे काढतात आणि पूर्वी दोऱ्या ताणून, आता संगणकावर रेषा ओढून उगमस्थान शोधतात. पण थेंब सरळ रेषेत जात नाही. गुरुत्वाकर्षणामुळे त्याचा मार्ग वाकतो. सरळ रेषा गृहीत धरल्यास उगमाची उंची प्रत्यक्षाहून अधिक येते. प्रहार झाला तेव्हा व्यक्ती उभी होती की बसलेली, हा खटल्यातील निर्णायक प्रश्न त्या एका गृहीतकाने फिरू शकतो. पडद्यावर मात्र मोजलेली भिंत आणि मानलेली रेषा सारख्याच ठसठशीत दिसतात. या तंत्राचा खरा धोका हाच आहे. कच्चा नकाशा आपले कच्चेपण लपवीत नाही. आभासी दृश्य ते लपविते.

याला आणखी एका गोष्टीची जोड आहे. दर्शक-संचातून पाहणाऱ्यास अंतर प्रत्यक्षाहून कमी भासते, असे या विषयावरील प्रयोगांत वारंवार आढळले आहे. 'एवढ्या अंतरावरून चेहरा ओळखता आला असता काय' या प्रश्नाचे उत्तर केवळ आभासी अनुभवावर सोपविणे म्हणूनच उचित नाही.

विदेशातील दोन प्रसंग

उत्तर आयर्लंडमधील लंडनडेरी येथे ३० जानेवारी १९७२ रोजी ब्रिटिश सैनिकांनी केलेल्या गोळीबाराच्या चौकशीसाठी १९९८ मध्ये सॅव्हिल आयोग नेमला गेला. दरम्यान तेथील वस्ती बरीच पालटली होती. १९७२ मधील रस्ते संगणकावर पुन्हा उभारून साक्षीदारांना दाखविण्यात आले आणि आपण कोठे होतो हे त्यांना दाखविता आले. जर्मनीत बव्हेरियाच्या राज्य गुन्हे अन्वेषण विभागाने ऑशविट्झ छळछावणीची आभासी प्रतिकृती तयार केली. २०१६ मध्ये डेटमोल्ड येथे छावणीच्या एका माजी पहारेकऱ्यावर चाललेल्या खटल्यात तिचा उपयोग झाला. पहाऱ्याच्या जागेवरून काय दिसू शकत होते, हा तेथील प्रश्न होता. झाडांमुळे दृष्टी अडत होती काय, याचाही विचार प्रतिकृतीत केला होता. दोन्ही ठिकाणी तंत्राला विचारलेला प्रश्न मर्यादित होता. 'काय घडले' हे नव्हे, तर 'येथून काय दिसते' हे विचारले गेले.

जालन्याचा धडा

भारतात अशी प्रतिकृती इलेक्ट्रॉनिक अभिलेख ठरेल आणि त्याविषयीचा महत्त्वाचा निर्णय मराठवाड्यातीलच आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचे नामनिर्देशनपत्र दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाले काय, हा वाद निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरणावर येऊन ठेपला. कैलास गोरंट्याल यांनी मागणी करूनही चित्रीकरणाबाबतचे प्रमाणपत्र मिळाले नव्हते. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अपील फेटाळले, परंतु तत्त्व म्हणून असे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीत हजर केल्यास त्याची गरज नाही, असेही म्हटले.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हीच अट अधिक काटेकोर झाली. प्रमाणपत्राचा एक भाग पुरावा सादर करणाऱ्याने व दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असून त्यात अभिलेखाचे हॅश मूल्य, म्हणजे त्याचा जणू अंकीय अंगठा, नोंदवावा लागतो. एका बिंदूत बदल झाला तरी हे मूल्य बदलते. तथापि प्रमाणपत्र संचिका तीच असल्याचे सांगते; संचिकेतील गृहीतक बरोबर असल्याचे सांगत नाही.

अध्यापनातील स्थान

सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे व प्रक्रियेचे चित्रीकरण करणे नव्या संहितेच्या कलम १७६(३) ने बंधनकारक केले असून अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुभा आहे. एवढे तज्ज्ञ महाविद्यालयांतूनच यावयाचे आहेत. शहरात २००९ पासून शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था कार्यरत आहे. परंतु हा विषय भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र व विधी या विभागांचाही आहे. त्यासाठी महागडा स्कॅनर लागतोच असे नाही. विद्यार्थ्यांनी साध्या मोबाइलने एका वर्गखोलीची प्रतिकृती करावी, तीच खोली फितीने मोजावी, दोहोंतील फरक लिहून ठेवावा आणि प्रतिकृतीतील प्रत्येक घटकापुढे 'मोजलेले' किंवा 'मानलेले' अशी नोंद करावी.

बचाव पक्षाचा प्रश्न याहून अवघड आहे. कलम २३० अन्वये आरोपीला पोलीस अहवालाच्या व कागदपत्रांच्या प्रती मिळतात. आभासी प्रतिकृतीच्या बाबतीत केवळ तयार चित्रफीत देणे म्हणजे पंचनामा न देता त्याचा गोषवारा देण्यासारखे आहे. मूळ बिंदुसमूह, छायाचित्रे आणि गृहीतकांची यादी यांवाचून उलटतपासणी कशाची करावयाची? विधी सेवा प्राधिकरणामार्फत वकील मिळालेल्या आरोपीला तर हा मूळ विदा वाचून दाखविणारा तज्ज्ञही लागेल, आणि त्याचा खर्च कोणी करावयाचा हे प्रतिकृती न्यायालयात येण्यापूर्वीच ठरले पाहिजे.