दंडाच्या पावत्या जपणारा माझा मित्र

गेल्या महिन्यात माझा मित्र गेला. बदनापूरला त्याच्या घरासमोर जलदान विधी झाला. त्रिशरण-पंचशील झाले, भन्तेजींनी अनित्यतेवर धम्मदेसना दिली, कार्यकर्ते भरभरून बोलले. मलाही उभे केले. एरवी कोर्टात तासभर बोलणारा मी दोन वाक्यांवरच थांबलो! राहिलेले आज लिहितो आहे.

माझा कालकथित मित्र दहावी नापास. तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायचा. मी एलएल.बी. होऊन काळा कोट चढवून आलो, तेव्हा गायरानाचा प्रश्न मला भाषणापुरताच ठाऊक होता. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, आमच्या माणसांनी तुरुंग भरले, हे मी जोरात सांगायचो. पण त्या लढ्याचा पुरावा एखाद्या म्हातारीच्या पत्र्याच्या पेटीत असतो, हे या मित्राने शिकविले.

एकदा एक विधवा मावशी माझ्याकडे आल्या. गायरानातले दोन एकर त्यांचे कुटुंब वर्षानुवर्षे कसत होते. कागद मागितला तर हातात काहीच नाही. "मावशी, केस उभी राहत नाही," असे सांगून मी मोकळा झालो. मित्र तिथेच बसलेला होता. काही बोलला नाही. आठवड्याने त्यांच्या गावाहून आला आणि एक जीर्ण पावती त्याने माझ्यापुढे ठेवली. अतिक्रमण केले म्हणून त्यांच्या नवऱ्याने भरलेल्या दंडाची पावती, १९९० च्या आधीची!

"वकीलसाहेब, सरकारनं दंड कुणाला केला? जमिनीवर जो होता त्यालाच ना?"

मी निरुत्तर झालो. महाराष्ट्र शासनाच्या २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयानुसार भूमिहीन मागासवर्गीयांची, १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमानुकूल करायची होती. अडचण असते ती ताबा सिद्ध करण्याची. गाव नमुना एक-ई म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, पीकपाहणीची नोंद आणि दंडाची पावती, यावरच सारे अवलंबून. ज्या कागदाने गरिबाला गुन्हेगार ठरविले, तोच कागद त्याच्या हक्काचा साक्षीदार होतो! हे मला पदवीने नव्हे, मित्राने समजावले.

२०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. मात्र शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजूर वा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद त्याच निकालात आहे. २०२२ साली उच्च न्यायालयात हा विषय आला आणि गावोगाव नोटिसांची भीती पसरली. तेव्हा हा अपवाद मित्राने मराठीत लिहून घेतला, झेरॉक्स काढल्या आणि वस्त्यावस्त्यांत वाटल्या. झेरॉक्सचे पैसे स्वतःच्या खिशातले.

विधी आटोपल्यावर त्याच्या मुलाने एक कापडी पिशवी माझ्या हाती दिली. "पप्पा म्हणाले होते, काकांना द्या." आत फायली होत्या. प्रत्येकीवर नाव, गाव, कोणता कागद कमी आहे ते आणि पुढची तारीख. एकीवर लिहिले होते, "वकिलाकडे दिली. उद्या बघतो म्हणाला."

ते 'उद्या' मी म्हणालो होतो. दोनदा नव्हे, चारदा. त्याने कधी तक्रार केली नाही. फक्त नोंद ठेवली.

मित्राचा फोटो हार घालून भिंतीवर लावणे सोपे आहे. पण वाचकहो, त्याची आठवण ठेवायची तर आज घरातली जुनी पेटी उघडा. आजोबांच्या नावाची दंडाची पावती सापडली तर फेकू नका, जपा. एक-ईची प्रमाणित नक्कल तहसीलमधून काढून ठेवा. म्हातारी माणसे आहेत तोवर विचारून घ्या.

मी ती फाईल उघडली आहे. मावशी, उद्या नाही, आजच या. मित्राला माझी हीच आदरांजली.

जयभीम!