काळोखातले पाहणे

श्रोतेहो, पंचवटीतून पेठच्या रस्त्याने रामशेजच्या पायथ्याशी जा आणि कड्याकडे तोंड करून हाळी द्या. ती आदळून परत येते. दोन सेकंदांत आली, तर कडा सुमारे 340 मीटरांवर आहे असे समजा. रडारची रीत हीच, बरं का! मात्र तिथे हाळीऐवजी रेडिओलहर असते. ती सेकंदाला 3 लाख किलोमीटर धावते. 30 किलोमीटरांवरच्या जहाजाला शिवून ती सेकंदाच्या पाच हजाराव्या भागात परतते आणि पडद्यावर ठिपका उमटतो.

4 डिसेंबर 1971 च्या रात्री निर्घात, निपात आणि वीर या आपल्या क्षेपणास्त्र नौका कराचीवर चालून गेल्या, त्या अशा ठिपक्यांच्या भरवशावर. निर्घातने ‘खैबर’ ही पाकिस्तानी विनाशिका बुडविली. खैबरवरच्यांना येणारे क्षेपणास्त्र विमान वाटले! दिसणे निराळे, ओळखणे निराळे.

ठिपक्याला झेंडा नसतो. तो शत्रू की गरीब मच्छीमार, हे ठरवताना चूक झाली तर निरपराध जीव जातात. मोहिमेतील कमांडर बब्रू भान यादव यांना महावीर चक्र मिळाले. 4 डिसेंबर हा नौदल दिन झाला. त्या दिवशी, गुरुजी, मुलांना पडद्यासमोर जागणाऱ्या खलाशाविषयीही सांगा.