ऑगमेंटेड सेव्हन्थ (गिटार)

ऑगमेंटेड सेव्हन्थ हा पाश्चात्त्य संगीतातील चार स्वरांचा कॉर्ड, म्हणजेच स्वरसंघ आहे. भारतीय परिभाषेत सा, शुद्ध गंधार, कोमल धैवत आणि कोमल निषाद हे ते स्वर होत. चारुकेशी रागात हे चारही येतात. तेथे पंचमही असतो, कॉर्डमध्ये मात्र तोच अर्ध्या स्वराने चढून कोमल धैवताच्या जागी बसतो.

गिटारवर शिकण्यास ‘ई’ मूळस्वराचा प्रकार सोपा. सहावी व चौथी तार मोकळी ठेवून तिसरी व दुसरी तार आडव्या तर्जनीने पहिल्या फ्रेटवर दाबावी. पहिली व पाचवी तार छेडू नये. पाचवीचा ‘ए’ हाच या कॉर्डचा पुढचा विसावा असल्याने तो आधीच वाजला, तर ताण उरत नाही. तर्जनी दुसऱ्या फ्रेटवर सरकवून चौथी तारही तिच्याखाली घ्यावी व आता पाचवी मोकळी छेडावी. ‘ए मेजर’ लागतो.