समाचारास जाताना

1956 च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा तोवर मध्य प्रदेशाची राजधानी असलेले नागपूर मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहून त्याची दप्तरे भोपाळच्या वाटेस लागली; परंतु दप्तरे जिकडे गेली तिकडे येथला रोगी काही गेला नाही. खुब्याचे हाड मोडले, हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या किंवा मणक्यात काही अवघड निघाले, की वारासिवनी, लांजी, किरनापूरकडचा माणूस आजही वैनगंगेचे खोरे ओलांडून गोंदियामार्गे नागपूरच गाठतो. पूर्वी बंगाल-नागपूर रेल्वेची छोटी गाडी त्याला गोंदियापर्यंत नेई, आता रुंद रुळांची नेते, आणि 2016 पासून गोंदियातही वैद्यकीय महाविद्यालय झाल्याने काहींचा प्रवास तेथेच थांबतो. तरी मोठी शस्त्रक्रिया म्हटली की 1947 साली निघालेले नागपूरचे ‘मेडिकल’ आणि त्याच्या आसपास वाढलेली इस्पितळे हीच अजून या मुलखाची अखेरची आशा आहे.

शस्त्रक्रिया तेथे होते, पण पुनर्वसन होते ते घरच्या ओसरीवर. युद्धात जायबंदी झालेल्या जवानांसाठी पुण्याजवळ खडकीला जसे स्वतंत्र केंद्र आहे, तसे काही गावोगाव नसते. थोडक्या दिवसांत टाके आणि कागदांची जाडजूड फाइल घेऊन रोगी परत येतो, आणि त्याच्या मागोमाग, वार्ता जसजशी पसरेल तसतसे, आप्तेष्ट समाचारास येऊ लागतात. येणे हा आपल्याकडे निव्वळ लोभाचा भाग नव्हे, दस्तूर आहे. जो आला नाही त्याची नोंद वर्षानुवर्षे राहते. हा दस्तूर वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. मात्र तो ज्या काळात घडला त्या काळी विश्रांती हाच मुख्य इलाज होता, आज हालचाल हा इलाज झाला आहे, आणि आपण अद्याप जुन्याच वैद्यकाच्या हुकमाने पाहुणचार करीत आहो, ही खरी अडचण आहे.

हा पालट फार जुना नाही. हृदयविकाराचा झटका आलेल्यास कित्येक आठवडे अंथरुणावर निश्चल ठेवणे आणि मोडलेल्या खुब्याच्या म्हाताऱ्यास वजने बांधून महिनोन्‌महिने उताणे पाडून ठेवणे हा एके काळी शास्त्रशुद्ध उपचार समजला जाई. रिचर्ड ॲशर नावाच्या इंग्रज वैद्याने 1947 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अंथरुणाचे धोके सांगणारा एक खुमासदार लेख लिहिला: पडून राहिल्याने पायांतील रक्त गोठते, फुप्फुसांच्या तळाशी कफ साचतो, पाठीस क्षते पडतात, स्नायू झिजतात, आणि मनही हळूहळू अंथरुणालाच आपले घर मानू लागते. 1952 साली अमेरिकेत लेव्हाइन व लाऊन या डॉक्टरांनी हृदयरोग्यांना खाटेवरून उचलून खुर्चीत बसविले. दशक उलटते न उलटते तोच चार्नली नावाच्या शल्यविशारदाने इंग्लंडात खुब्याचा सांधा बदलण्याची विश्वसनीय पद्धत बसविली. आणि आज नागपुरात अशी शस्त्रक्रिया झालेल्यास बहुधा दुसऱ्या दिवशीच वॉकर धरून उभे करतात. कण्याला इजा झालेल्यांना तर 1944 पासून इंग्लंडातील स्टोक मँडेव्हिलच्या इस्पितळात लुडविग गुटमन हा डॉक्टर खेळावयास लावीत होता. त्याच इस्पितळाच्या मैदानावरच्या स्पर्धांतून पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले, आणि 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अधू झालेल्या, मूळच्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकरांनी 1972 साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळविले, ते भारताचे पॅरालिम्पिकमधील पहिलेच.

आता ओसरीवर परत येऊ. वारासिवनीजवळच्या एका खेड्यात आमच्या नात्यातील एक आत्याबाई खुब्याचा सांधा बदलून आल्या होत्या. सुनेने बाजेच्या पायांखाली विटा लावून ती उंच केली होती आणि तिची दोरी ताणून घेतली होती, कारण झोळ पडलेल्या बाजेवर बसले की गुडघे खुब्यापेक्षा वर येतात, आणि नवा सांधा निसटण्यास तेवढे पुरते. मांडी घालणे, उकिडवे बसणे, पायावर पाय टाकणे या साऱ्यास त्याच कारणाने काही आठवडे मनाई असते. ओसरीपासून तुळशीवृंदावनापर्यंतच्या फेऱ्या घालण्याची वेळ झाली आणि नेमके त्याच वेळी चार पाहुणे दाखल झाले. आत्याबाई वॉकर ओढून उठू लागल्या, तोच भाचा कळवळून म्हणाला, “आत्या, उठू नको, पडून राय.” त्यावर त्या म्हणाल्या, “पडूनच राहाचं होतं तं नागपूरले कायले गेली असती बापा?” आणि उठल्या. सर्वांनाच असे उत्तर सुचत नाही. बहुतेक रोगी पाहुण्यांच्या भिडेखातर आडवे होतात, आणि त्या दिवसाचा व्यायाम बुडतो.

भिडेची आणखीही रूपे आहेत. शस्त्रक्रिया झालेली धाकटी सून घरात वडीलधारे आले म्हणून पाया पडावयास वाकते. तिला आधीच थांबविणे हे त्या वडीलधाऱ्याचेच काम. हृदयाची बायपास झालेल्याचे उरोस्थी तारेने बांधलेले असते, म्हणून त्याला हाताला धरून ओढून उठविणे हा उपकार नव्हे. त्याने छातीशी उशी धरून पायांच्या जोरावर उठावे, आपण नुसते जवळ उभे राहावे. श्वासाच्या व्यायामासाठी दिलेले तीन गोळ्यांचे प्लास्टिकचे यंत्र पाहुणे कौतुकाने हातात घेतात आणि “जोरात फुंका” म्हणतात. वस्तुतः ते फुंकावयाचे नसून श्वास आत ओढून गोळ्या वर उचलावयाच्या असतात, जेणेकरून फुप्फुसाचा मिटलेला भाग उघडतो. आणि ज्याला स्वतःला खोकला आहे त्याने त्या आठवड्यात न गेलेलेच बरे, मग नोंद कशीही होवो.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत भेटीचा खरोखर औषधासारखा उपयोग होतो, हे मात्र सांगितले पाहिजे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत त्यांना भ्रम होऊ शकतो. रात्र की दिवस, इस्पितळ की घर, हे उमजेनासे होते. चष्मा आणि श्रवणयंत्र जवळ असणे, उशाशी घड्याळ असणे, ओळखीच्या आवाजात कोणी आजची तिथी-वार, गावात रोवणी कुठवर आली हे सांगणे, याचा वैद्यकास मान्य असा लाभ होतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने 1859 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकात पोकळ धीर आणि फुकट सल्ले देणाऱ्या पाहुण्यांसाठी एक सबंध प्रकरण खर्ची घातले आहे, आणि रोग्यास मान वळवावी लागणार नाही अशा जागी बसून बोलावे, अशीही ताकीद त्या पुस्तकात आहे. आपल्याकडे पाहुणा नेमका उशाशी बसतो, आणि आपल्या मामेसासऱ्याची शस्त्रक्रिया कशी बिघडली तेच सांगतो.

ज्या व्यक्तीचा समाचार कोणी घेत नाही ती म्हणजे शुश्रूषा करणारी. प्रत्येक तुकडीबरोबर तिच्यावर चहाचे एक आधण अधिक येते. बिस्किटपुडे आणि सफरचंदे आणण्याऐवजी कोणी डाळ, अंडी, दूध आणले, तर झिजलेल्या स्नायूंना ते अधिक लागू पडेल. आणि कोणी दोन तास बसून तिला बँकेचे, शेताचे किंवा झोपेचे काम उरकू दिले, तर त्याहूनही बरे.

पुढे दीडएक महिन्याने फेरतपासणीचे बोलावणे येते. तेव्हा फाइलीतील कागद क्रमाने लावणारा, 2018 साली सुरू झालेल्या आयुष्मान योजनेचे कार्ड राज्याची सीमा ओलांडूनही संलग्न इस्पितळात चालते हे ठाऊक असणारा, आणि डॉक्टरांचे बोलणे लिहून घेणारा एखादा नातेवाईक लागतो. आत्याबाईंबरोबर तोच भाचा गेला. त्याने मोटारीची मागली आसने त्यांना पडून जाता यावे म्हणून मोकळी ठेवली होती. आत्याबाईंनी पुढचे आसन मागे सरकविण्यास सांगितले, त्यावर उशी घातली, आणि त्या नागपूरपर्यंत पुढे बसून गेल्या.