सॉफ्टवेअर घेताना तक्त्यांची माहितीही मागा

दुकानाचा हिशेब संगणकावर ठेवणाऱ्या व्यापारी बांधवांना आम्ही सुचवू इच्छितो की, सॉफ्टवेअरसोबत त्यातील डेटाबेसची लेखी माहितीही मागून घ्यावी. बहुतेक डेटाबेसमध्ये नोंदी एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत असतात. ही पद्धत एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. ग्राहकांचा तक्ता वेगळा, बिलांचा वेगळा. दोन्ही जोडतो तो ग्राहक क्रमांक. कोणत्या रकान्यात काय आहे, रकमेत जीएसटी धरला आहे काय, ‘स्थिती २’ म्हणजे उधारी की रद्द बिल, हे लिहिलेले हवे. अन्यथा सॉफ्टवेअर बदलताना आकडे हाती येतात, पण अर्थ लागत नाही आणि वसुली अडकते. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावा लागतो. म्हणून ही अट खरेदीपूर्वीच लेखी करून घ्यावी.