डॉक्टर आला, नर्स आली

'आय ॲम टायर्ड' हे वाक्य बाईचं की पुरुषाचं, ते इंग्रजीत कळत नाही. मराठीत आणताना मात्र 'थकलो' की 'थकले' हे ठरवावंच लागतं. माणूस विचारेल, कोण बोलतंय? भाषांतराचं यंत्र सहसा विचारत बसत नाही. शिकताना त्यानं जो मजकूर चाळला, त्यात जे रूप जास्त वेळा भेटलं तेच ते पुढे सरकवतं.

तुर्की भाषेत 'तो', 'ती', 'ते' या तिघांना मिळून 'ओ' हे एकच सर्वनाम आहे. हा 'ओ' डॉक्टर असला की गूगलच्या इंग्रजी भाषांतरात 'तो' व्हायचा आणि नर्स असला की 'ती'. आयलिन चालिश्कान, जोअना ब्रायसन आणि अरविंद नारायणन यांनी २०१७ साली 'सायन्स' नियतकालिकात हे दाखवून दिलं. पुढच्या वर्षअखेरीस गूगलनं अशा तुर्की वाक्यांना दोन्ही रूपं द्यायला सुरुवात केली.

मराठीत गुंता मोठा, कारण इथे क्रियापदच चुगली करतं. 'मी भाकरी खाल्ली' दोघांनाही चालतं. तिथे क्रियापद भाकरीच्या मागे जातं. 'मी भाकरी खाते' म्हटलं की बाई दिसलीच. त्यात कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका 'मी आलो', 'मी जातो' असंच बोलतात. म्हणजे तिथे यंत्राची चूक बरोबर ठरायची!

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के निघाल्या, पुरुष ५७ टक्के. जी ऑनलाइन कधी लिहीतच नाही, तिचा 'मी' यंत्राच्या वाचनात यायचा कुठून?

लिहिता आलं नाही तरी आवाज देता येतो. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या एका प्रकल्पात आमले हे खेडं आणि मुंबईचा कुंभारवाडा इथल्या कमी उत्पन्नाच्या लोकांनी, तसंच काही विद्यार्थ्यांनी मोबाइलवर मराठी वाक्यं वाचून दाखवली, मोबदला घेऊन. ३६ जणांचं १०९ तासांचं ध्वनिमुद्रण जमलं. २०२० साली त्यावर शोधनिबंधही आला. खेड्यातला आवाज यंत्राच्या शाळेत पोचला, ही गोष्ट लहान नाही. वाक्यं मात्र आधीच लिहिलेली होती. पडद्यावर जे क्रियापद येईल, तेच वाचायचं.